रातकिडे गेले, की आपले कान?



गेल्या ऑक्टोबरात मंडळाचे आम्ही सात-आठ ज्येष्ठ सभासद मुलानातवंडांसह जांबोटीला एका सभासदांच्या शेतघरी मुक्कामाला गेलो होतो. जेवणे आटोपली, दिवे मालवले आणि अंगणात खुर्च्या टाकून बसलो. विषय नेहमीचाच, पूर्वीचे बेळगाव आणि आताचे बेळगाव. एकजण म्हणाले, "पूर्वी टिळकवाडीत तिन्हीसांजेला रातकिड्यांनी कान किटायचे. आता तेही संपले." आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. दुसऱ्यांनी भर घातली, "अहो, इथे जंगलाच्या तोंडाशी येऊनसुद्धा काही ऐकू येत नाही. औषधे मारमारून सगळे संपवले."

तेवढ्यात नववीतली नात म्हणाली, "आबा, चेष्टा करताय का? इतका आवाज आहे की तुमचं बोलणं मला नीट ऐकू येत नाहीये."

आम्ही गप्प झालो. मग तिने मोबाईलवर आवाजाचा आलेख दाखवणारे ॲप उघडले. पडद्यावर दोन ठळक पट्टे दिसत होते. एक सुमारे ४,००० हर्ट्झपाशी आणि दुसरा ७,००० च्या वर. खालचा आवाज, नीट लक्ष दिल्यावर, आमच्यापैकी काहींना पुसटसा ऐकू आला. वरचा मात्र साठी ओलांडलेल्या एकालाही ऐकू आला नाही. मुलांना दोन्ही ऐकू येत होते.

म्हणजे रातकिडे हजर होते, गैरहजर होते ते आमचे कान. त्या रात्रीनंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आम्ही बी.कॉम. झालेले आणि उभा जन्म बँकेत गेलेला. किड्यांशी संबंध आला तो जुन्या लेजरांना लागणाऱ्या कसरीपुरताच. तरी निवृत्त विज्ञान शिक्षक असलेल्या स्नेह्यांच्या मदतीने जे समजले, ते सभासदांपुढे ठेवत आहोत.

आवाज येतो कुठून?

रातकिड्याचा आवाज तोंडातून येत नाही. त्याच्या एका पुढच्या पंखाच्या खालच्या अंगाला बारीक दात्यांची रांग असते आणि दुसऱ्या पंखाची कड टणक असते. पंख मिटताना ही कड दात्यांवरून घासली जाते. फणीच्या दात्यांवरून नख ओढून पाहा, तत्त्व तेच. पंखावरचा पातळ पडदा त्या घासण्याने थरथरतो आणि आवाज मोठा होतो.

हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातले कंप. कुमार गंधर्वांचे सुळेभावी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या लोकांना सूर समजावून सांगायला नकोत. हार्मोनियमवरची मध्य सप्तकातली पांढरी एक सुमारे २६० हर्ट्झची असते. तिथून चार सप्तके वर गेलो की ४,००० च्या थोडे पुढे पोहोचतो. साधा रातकिडा या भागात गातो आणि त्याच्या काही भाऊबंदांचा स्वर त्याहूनही वर असतो.

गाणारे जवळजवळ सगळे नर असतात. लांबवर असलेल्या मादीला बोलावण्याचे गाणे वेगळे, मादी जवळ आल्यावरचे वेगळे आणि दुसरा नर हद्दीत शिरला की दमदाटीचे वेगळे. प्रत्येक जातीची लय ठरलेली असते, त्यामुळे मादीला आपल्या जातीचा नर अंधारातही सापडतो. थंडी वाढली की ही लय मंदावते. अमेरिकेतल्या आमोस डॉल्बेअर या भौतिकशास्त्रज्ञांनी १८९७ साली त्याचे गणित मांडले. तिथल्या झाडावरच्या एका रातकिड्याचे १५ सेकंदांतले आवाज मोजून त्यांत ४० मिळवले की साधारण फॅरनहाइट तापमान येते. आपल्याकडच्या जातींना हे आकडे लागू पडणार नाहीत, पण डिसेंबरात आवाज संथ होतो तो याच कारणाने.

एप्रिल-मे महिन्यांत चोर्ला किंवा आंबोली घाटात भरदिवसा कानठळ्या बसवणारा आवाज येतो. आपण त्यालाही सर्रास रातकिडाच म्हणतो, पण तो सिकाडा, अगदी वेगळा कीटक. तो पंख घासत नाही. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या घड्या असलेले पडदे असतात. पत्र्याच्या डब्याचे झाकण दाबले की 'टक्' होते आणि सोडले की पुन्हा 'टक्' होते, तसे हे पडदे सेकंदाला शेकडो वेळा आत-बाहेर होतात. नराचे पोट बरेचसे पोकळ असल्याने ते घुमटाचे काम करते. सिकाड्याची पिल्ले जमिनीखाली मुळांचा रस पीत वर्षानुवर्षे राहतात. मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात तर एक जात दर चार वर्षांनीच बाहेर येते आणि ते वर्ष नेमके फुटबॉलच्या विश्वचषकाचे असते.

पानाचा कर्णा

आपल्याच राज्यात, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, डॉ. रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रातकिड्यांवर अनेक वर्षे काम केले आहे. कुद्रेमुखच्या जंगलात कोणती जात जमिनीवरून गाते, कोणती झाडाच्या शेंड्यावरून, कोणत्या वेळी आणि कोणत्या पट्टीत, याच्या नोंदी त्यांनी केल्या. इतके गवई एकाच वेळी गात असताना एकाचे गाणे दुसऱ्यात बुडत कसे नाही, हा त्यामागचा प्रश्न.

त्यांच्या गटाचा २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला फार आवडला. झुडपांवर राहणारा एक नाजूक फिकट रातकिडा पानाला मधोमध भोक पाडतो, त्यात स्वतःला बसवतो आणि पंख पानाच्या पातळीत आणून गातो. अख्खे पान त्याचा कर्णा बनते. एरवी पंखाच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी कडेला एकमेकींना मारक ठरतात. मध्ये पान आले की ही गळती थांबते आणि आवाज वाढतो. गंमत अशी की, हा उद्योग मुख्यतः अंगाने लहान आणि आवाजाने हलके नर करतात. थोराड नरांना त्याची फारशी गरज नसते. भांडवल कमी असलेल्याने युक्तीने धंदा वाढवावा, तसे हे.

पण या जमाखर्चाला नावेची बाजूही आहे. आवाज मादीला ऐकू येतो, तसा शत्रूलाही येतो. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर एक माशी रातकिड्याच्या गाण्याचा माग काढत येते आणि त्याच्यावर आपल्या अळ्या सोडते. त्या अळ्या त्याला आतून खातात. तिथे पंखांवरचे दाते जवळजवळ नाहीसे झालेले मुके नर निपजले आणि जेमतेम वीसेक पिढ्यांत बहुतेक नर मुकेच झाले. मग त्यांना मादी कशी मिळते? जे थोडे अजून गातात, त्यांच्या आसपास हे दबा धरून बसतात.

कान पायात, कान मिशीत

रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. आखूड मिशांच्या नाकतोड्याचे कान पोटाच्या बाजूला असतात. कान ऐकू येऊ शकणाऱ्या प्रार्थनाकीटकांत छातीच्या मधोमध एकच असतो.

डासाचा कान त्याच्या मिशीच्या बुडाशी असतो. डासाची गुणगुण आपल्याला नकोशी वाटते, पण नरासाठी ते मादीचे निमंत्रण असते. डेंगी पसरवणाऱ्या डासाच्या मादीचे पंख सेकंदाला सुमारे ४०० वेळा हलतात आणि नराचे सुमारे ६००. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली दाखवले की जोडी जवळ येताना दोघे आपापली गती जुळवून घेतात. मादीच्या स्वराची तिप्पट आणि नराच्या स्वराची दुप्पट, म्हणजे दोन्ही १,२०० वर येऊन मिळतात. लसावि काढायला आपल्याला शाळेत छड्या खाव्या लागल्या होत्या.

खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात बारापेडे गुहा आहेत. तिथे राहणारे एक वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला ठाऊक झाले आणि पुढे कित्येक दशके जगात दुसरीकडे कुठेही त्याचा पत्ता नव्हता. बहुतेक वटवाघळे बारीक आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात किडे पकडतात. त्यामुळे अनेक पतंगांना केवळ वटवाघूळ ऐकण्यासाठी कान आले. त्यांपैकी एका मोठ्या कुळात प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या पेशी फक्त दोन. आवाज दुरून आला तर पतंग दिशा बदलतो आणि अगदी जवळून आला तर पंख मिटून धाडकन खाली पडतो. दोन पेशींवर जीव वाचतो.

निपाणीच्या रानात न ऐकू आलेली बोलणी

आतापर्यंत हवेतून जाणाऱ्या आवाजाविषयी सांगितले. पण किड्यांचे बरेचसे बोलणे हवेतून होतच नाही. ते पान, देठ, लाकूड आणि माती यांतून कंपांच्या रूपाने जाते. रेक्स कॉक्रॉफ्ट आणि राफाएल रॉड्रिगेझ या अभ्यासकांनी २००५ साली अंदाज मांडला की ध्वनी किंवा कंप वापरणाऱ्या कीटकांच्या जातींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जाती अशा आधारातून जाणाऱ्या कंपांचा उपयोग करतात. आपण ऐकतो ते वरवरचे, खरी उलाढाल खालीच चाललेली असते.

नोकरीच्या काळात पीककर्जाच्या पाहणीसाठी आम्ही निपाणी भागातली तंबाखूची राने पायाखाली घातली आहेत. शेतकरी पान उलटून दाखवायचे. खाली पांढरी माशी असायची, हात लावताच भुरकन उडायची. ही माशी विषाणू पसरवते, मग पाने आक्रसून मुरडतात आणि मालाची प्रत जाते. तेव्हा आम्ही फक्त किती गुंठ्यांचे नुकसान झाले, ते लिहून घेत होतो. आता वाचले की त्या पानावर बोलणी चाललेली असतात. नर मादीच्या शेजारी बसून पोट थरथरवतो, तो कंप पानातून तिच्या पायांना पोहोचतो आणि मग पुढचे ठरते. भातावरचे तपकिरी तुडतुडेही असेच करतात. मादी पोट हलवून धानाच्या काडीतून हाक देते, नर त्याच काडीतून उत्तर देतो आणि तिला शोधत जातो. आपण बांधावर उभे राहिलो तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. शास्त्रज्ञ पानावर लेसर किरण टाकून हे कंप मोजतात आणि मग आपल्याला ऐकू येतील असे करतात.

याचा उपयोगही होऊ लागला आहे. इटलीतल्या त्रेन्तिनो भागात द्राक्षावरच्या एका तुडतुड्याची बोलणी मोडण्यासाठी वेलींच्या तारांनाच कंप देण्याचे प्रयोग झाले. गोंगाटात नराला मादीचे उत्तर कळत नाही, जोडी जमत नाही आणि औषध न मारता पुढची पिढी घटते. अथणी-तासगावकडे नातेवाईक असलेल्या सभासदांना द्राक्षाच्या तारा आणि फवारणीची बिले दोन्ही परिचयाची आहेत. म्हणून मुद्दाम सांगितले.

वाळवीचे सैनिकही धोका जाणवला की डोके जमिनीवर आपटतात. आफ्रिकेतल्या एका जातीत हा ठोका सेकंदाला सुमारे ११ वेळा पडतो. पुढचा सैनिक तो पायांनी ओळखतो आणि स्वतः ठोके देऊन पुढे पाठवतो. वारुळाच्या एका टोकाची खबर अशी दूरवर पोहोचते.

मधमाशीचे नृत्य तर प्रसिद्धच आहे. ते उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंग थरथरवत सरळ किती वेळ चालायचे त्यावरून फुलांचे अंतर कळते आणि चालण्याच्या कोनावरून सूर्याच्या संदर्भाने दिशा. पण पोळ्यात अंधार असतो, मग नाच दिसणार कोणाला? नाचणारी माशी पंखांनी गुणगुणते आणि शेजारच्या माश्या ती हालचाल मिशांनी टिपतात. आपल्या सातेरी माशीच्या पेटीला धक्का लागला तर आतून एकदम 'हिस्स' असा आवाज येतो. तो शेकडो माश्यांनी मिळून दिलेला इशारा असतो.

आता आपल्या कानांचा हिशेब

आपल्या आतल्या कानात शंखासारखी नळी असते. तिच्या दारापाशी उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आणि आत खोलवर खालचे स्वर टिपणाऱ्या. वय झाले की बहुधा दारापाशीच्या पेशी आधी जातात आणि गेलेल्या परत येत नाहीत. त्यामुळे बहिरेपण सगळ्या आवाजांना सारखे लागत नाही. दाराची बेल, कुत्र्याचे भुंकणे, बसचा हॉर्न, सगळे ऐकू येते. त्यामुळे माणूस म्हणतो, "माझे कान ठणठणीत आहेत." आधी गळतात ते रातकिडे. त्यांच्या पाठोपाठ स, श, फ यांसारखे व्यंजनांचे आवाज, कारण तेही वरच्या पट्टीत असतात. मग तक्रार सुरू होते, "ऐकू येतं, पण समजत नाही. हल्ली सगळे पुटपुटतात."

आमचेच उदाहरण देतो. गणेशोत्सवाच्या बैठकीत एका देणगीदारांनी आकडा सांगितला, "साठ हजार". वहीत लिहिला गेला 'आठ हजार'. 'साठ'मधला 'स' गेला की 'आठ'च उरतो. ते गृहस्थ सज्जन, हसून दुरुस्ती केली. पण आयुष्यभर रोखीचा हिशेब पैशापर्यंत जुळवलेल्या माणसाला त्या रात्री झोप लागली नाही. घरी सौभाग्यवती दोन वर्षे सांगत होत्या, "अहो, कान दाखवून घ्या." तेही आम्हाला, बहुधा, अर्धेच ऐकू आले असावे.

जांबोटीहून परतल्यावर आमच्यापैकी पाचजणांनी कानांची तपासणी करून घेतली. आलेख चौघांचे सारखेच निघाले. डावीकडे सरळ आणि उजवीकडे शेअर बाजार कोसळल्यासारखे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या चौघांतल्या एकापेक्षा जास्त माणसांना अडचण व्हावी इतकी श्रवणहानी असते. वैद्यकीय अभ्यासगटांनी तिला स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या कारणांत धरले आहे. नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीत बोलायचा थांबतो, मग बैठकीलाच येईनासा होतो. मंडळातल्या काही जुन्या मंडळींचे येणे का थांबले, याचा विचार आम्ही आता नव्याने करत आहोत.

दुसरे कारण वयाचे नाही, गोंगाटाचे आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो असे मानतात. पण डेसिबलचा हिशेब सरळव्याजाचा नाही. दर ३ डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि सोसण्याची मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती उरते १५ मिनिटे. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे पोरे सहा-सहा तास नाचतात. आम्हाला साठीत ऐकू येईनासे झालेले रातकिडे त्यांना पस्तिशीतच ऐकू येईनासे होतील. हे रागाने लिहीत नाही. आम्हीही त्या वयात ढोलाच्या पुढेच असायचो.

मग रातकिडे खरेच कमी झाले का?

जर्मनीतल्या काही संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षे उडणाऱ्या कीटकांचे वजन मोजले, तेव्हा ते तीन चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे २०१७ साली जाहीर झाले. प्रखर दिवे, कीटकनाशके आणि मोकळ्या जागांवरचे काँक्रीट यांचा किड्यांना त्रास होतो, हेही खरे. पण जर्मनीची खतावणी बेळगावच्या खात्यावर टाकता येत नाही. आमच्या पिढीची साक्ष या कामी चालणार नाही, कारण साक्षीदाराचे कानच शाबूत नाहीत. नोंद करायला हवी ती मुलांनी.

म्हणून तीन विनंत्या आहेत. पहिली, साठी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाने एकदा कानांची तपासणी करून घ्यावी. चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग श्रवणयंत्राला का लाजावे? दुसरी, यंदाच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांची संख्या आणि आवाज किती असावा हे युवक शाखेने स्वतः ठरवावे आणि कार्यकारिणीपुढे ठेवावे. तिसरी, आठवी ते दहावीच्या मुलांनी जूनपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री आठ वाजता आपल्या अंगणात, गच्चीवर किंवा रानात दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे. सोबत जागा, तारीख आणि पाऊस होता की नाही ते लिहावे. वही ठेवण्याचे काम आम्ही करू, तेवढे अजून जमते.

आमच्यातल्या दोघांनी श्रवणयंत्र घेतले आहे. पुन्हा जांबोटीला गेलो तेव्हा ४,००० हर्ट्झवाला रातकिडा स्पष्ट ऐकू आला. वरचा मात्र यंत्रातूनही आला नाही. नातीने सांगितले की तो अजून आहे. आम्ही तिच्या शब्दावर नोंद केली.